ऑनलाइन शाळा सुरू करायची आहे? मुंबईतून सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

लॉकडाउन उठल्यावर ऑनलाइन शिकवणं बंद पडेल असं पुष्कळांना वाटलं होतं. मुंबईत तसं झालं नाही, कारण इथली अंतरं. दहिसरच्या मुलीला दादरच्या एखाद्या चांगल्या बाईंकडे गणिताला पाठवायचं तर जाण्यायेण्यातच संध्याकाळ संपते, आणि जुलैमध्ये लोकल कधी थांबेल ते सांगता येत नाही. त्यामुळे पालक आजही ऑनलाइन वर्ग शोधतात, आणि शिकवणारेही "सुरुवात कुठून करू?" असं विचारत येतात. कुणी नोकरी सोडलेली शिक्षिका असते, कुणी निवृत्त मुख्याध्यापक, कुणी नुकतंच बीएड झालेलं. मी पाचवी ते आठवीच्या मुलांना मराठी आणि गणित ऑनलाइन शिकवते, सोबत आणखी शिक्षिका आहेत. या सगळ्यांसाठी एकदा नीट लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. नुसते व्हिडिओ करून टाकले की शाळा होत नाही. मुलाची वही कुणीतरी नेमाने बघतं, चुकलेल्या जागी खूण करतं आणि पुढच्या तासाला "सुधारलंस का?" असं विचारतं, तेव्हा शाळा होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढं एक काम वर्षभर जमावं यासाठी आहेत.

१. शाळा की वर्ग, हे आधी कागदावर ठरवा

बोलताना आपण 'ऑनलाइन शाळा' म्हणतो, पण कायद्याच्या लेखी शाळा म्हणजे मान्यता असलेली शाळा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत वेगळे. म्हणून "आमच्याकडे प्रवेश घ्या, शाळेत जायची गरज नाही" असं कुठेही लिहू नका, फोनवरही बोलू नका. तुम्हाला शाळा सोडल्याचा दाखला देता येत नाही आणि अधिकृत गुणपत्रिकाही नाही. नावात 'विद्यापीठ' तर अजिबात नको, तो शब्द वापरायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्याने बंदी आहे. माझा सल्ला विचाराल तर 'वर्ग' किंवा 'अभ्यासवर्ग' असं नाव ठेवा, पुढचे गैरसमज टळतात.

मग शाळेत न जाणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. तिथे दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ लागतं. राज्य मंडळाची दहावी-बारावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. या दोन्हींत नोंदणी आणि परीक्षा त्या-त्या मंडळाकडे, तयारी तुमच्याकडे. पालकांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा आणि नावनोंदणीच्या अर्जावर लिहून त्याखाली सही घ्या.

पुढेमागे मान्यताप्राप्त शाळाच काढायची असेल तर न्यास, संस्था किंवा ना-नफा कंपनी लागते. न्यास किंवा संस्था काढली तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या फेऱ्या आल्या. तो वेगळा प्रवास आहे, पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

२. एक विषय, दोन इयत्ता

"पहिली ते दहावी, सर्व विषय, सर्व माध्यमं" असा फलक लावणाऱ्यांकडे पालक एकदा फोन करतात आणि विसरतात. नेमकी गरज धरा. मुंबईतल्या काही गरजा मला स्पष्ट दिसतात:

- इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी मराठी. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी गुजराती, तमिळ किंवा हिंदी बोलणारे आईवडील मुलाचा मराठीचा अभ्यास घेऊ शकत नाहीत आणि खरोखर मदत शोधत असतात.
- शिष्यवृत्ती परीक्षा आणि डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. होमी भाभा स्पर्धेला सहावी आणि नववीची मुलं बसतात.
- सतरा नंबरवाले. यांत काम करून शिकणारी मुलं, लग्नानंतर दहावी पूर्ण करायला निघालेल्या बायका असतात. यांना शिकवणारं कुणी सहज मिळत नाही, आणि मन लावून शिकणारे विद्यार्थी मी यांच्यातच जास्त पाहिले.

निवडलेल्या विषयाचा वर्षभराचा अभ्यास एका कागदावर महिन्यांत वाटून लिहून काढा. तो लिहिता येत नसेल तर विषय अजून मोठा आहे, आणखी छाटा.

३. वेळ ठरवताना विचारा: फोन घरी कधी येतो?

नवीन शिक्षक आपल्या सोयीने दुपारी चारची वेळ ठेवतात आणि मुलं का येत नाहीत म्हणून खंत करतात. मुंबईत बऱ्याच घरांत वर्गाला चालेल असा फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील अंधेरीहून कल्याणला पोचेपर्यंत आठ वाजतात. शिवाय सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळा. दुपारच्या अधिवेशनाचं मूल सहा-साडेसहाला घरी येतं, त्याला आधी खायला हवं असतं.

अर्जातच तीन प्रश्न घाला: फोन कुणाचा? तो घरी किती वाजल्यापासून असतो? त्याच वेळी दुसऱ्या भावंडाचा वर्ग आहे का? या उत्तरांवरून तुकड्या पाडा, इयत्तेवरून नंतर. माझा अनुभव असा की रात्री सव्वाआठ ते पाच मिनिटं कमी नऊ ही वेळ सगळ्यांत जास्त घरांना जमते. शनिवारी सकाळचा एक तास राखून ठेवा, बुडालेला वर्ग भरून काढायला.

डेटाचाही विचार हवा. रोजच्या दीड जीबीत घरातल्या सगळ्यांचं भागत असतं. मुलांचे कॅमेरे सुरुवातीची पाच मिनिटं चालू ठेवा, चेहरे दिसू देत, मग बंद करायला सांगा.

४. सामान: थोडं, पण योग्य

- लॅपटॉप. साधा चालतो.
- कॉलर माइक. कॅमेऱ्यापेक्षा हा महत्त्वाचा. दहा बाय बाराच्या खोलीत पंखा, कुकरची शिट्टी, खालून जाणारी मिरवणूक हे सगळं लॅपटॉपचा माइक गोळा करतो.
- जुना स्मार्टफोन आणि वरून खाली बघणारा स्टँड. हा तुमचा फळा. फोन दुसरा सहभागी म्हणून वर्गात जोडा, खाली कोरा कागद ठेवा आणि त्यावर हाताने लिहा. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवायला विसरू नका, नाहीतर आवाज घुमतो.
- ब्रॉडबँड आणि सोबत दुसऱ्या कंपनीचं सिम. मुंबईत वीज क्वचित जाते, पण गेली की १२ ऑक्टोबर २०२० सारखी सगळ्या शहराची जाते. राउटरला छोटा यूपीएस लावून टाका.

स्टँड, माइक, केबल एकाच फेरीत घ्यायच्या तर लॅमिंग्टन रोडला जा, वस्तू हातात घेऊन पाहता येते.

वर्गासाठी झूमचं मोफत खातं ४० मिनिटं चालतं, गूगल मीटचं तिघे किंवा जास्त जण असले तरी ६० मिनिटं. सुरुवातीला एवढं पुरतं, आणि पाचवीच्या मुलाचं लक्ष ४० मिनिटांपुढे टिकतही नाही. 'तुमचं स्वतःचं अॅप बनवून देतो' असे फोन पहिल्याच महिन्यात येऊ लागतील. तीन तुकड्या वर्षभर चालवून होईपर्यंत नको म्हणा.

५. मजकूर तयार करताना

मराठी टाइप करताना युनिकोडच वापरा, म्हणजे अक्षरं कुठल्याही फोनवर नीट दिसतात. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइली पालकांच्या फोनवर उघडल्या की निरर्थक अक्षरं दिसतात. 'मुक्ता' हा टंक, म्हणजे फॉन्ट, मोफत आहे आणि मुलांना वाचायला सोपा जातो. टंक निवडताना 'ल' आणि 'श' नीट पाहून घ्या. काही टंकांत ही अक्षरं हिंदी वळणाची येतात, बालभारतीच्या पुस्तकात ती वेगळी असतात आणि लिहायला शिकणारी मुलं गोंधळतात.

पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मुलांना त्या तिथून उतरवून घ्यायला सांगा. पुस्तकाची पानं आपल्या नावाची पट्टी लावून नोट्स म्हणून विकणं किंवा सबंध धडा वाचून यूट्यूबवर टाकणं हा हक्कभंग आहे. बाजारातल्या गाइडांचं स्कॅनिंगही तसंच. स्वतःचे प्रश्न स्वतः काढा. पहिल्या वर्षी कष्ट पडतात, पण पुढे तीच तुमची पुंजी असते.

६. वही तपासायची पद्धत

इथे घाई करू नका. ऑनलाइन वर्ग बंद पडतात ते बहुतेक वेळा याच जागी.

पहिला सापळा व्हॉट्सअॅप ग्रुपचा. बारा मुलं, प्रत्येकाचे चार फोटो. एक आडवा, एकावर अंगठा, एकावर ट्यूबलाइटची चकाकी, आणि मध्ये कुणाच्या तरी आजोबांचा सुप्रभात. दुसऱ्या दिवशी कुणाचं तपासलं आणि कुणाचं राहिलं ते तुम्हालाच कळत नाही. गृहपाठ ग्रुपवर कधीच घेऊ नका. गूगल क्लासरूम मोफत आहे, तिथे रोजचा गृहपाठ वेगळा राहतो आणि कुणी दिला नाही तेही दिसतं. ते जड वाटलं तर प्रत्येक मुलाच्या नावाचं ड्राइव्ह फोल्डर करा.

दुसरं, पान ठरवून द्या. रोज एकच पान. उजव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक आणि तारीख. फोटो वरून सरळ, पान पूर्ण दिसेल असा. पहिला आठवडा फक्त हेच शिकवण्यात घालवा, तो वाया जात नाही.

आता तपासणी. पाचवीतल्या मुलाने ४०३ वजा १५८ याचं उत्तर ३५५ लिहिलं आहे. चाचणीच्या अॅपने 'चूक' एवढंच सांगितलं असतं. वहीत नीट बघितलं की कळतं: त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. आठातून तीन गेले पाच, पाचातून शून्य गेला पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे वजाबाकी त्याला येते, हातच्याचं त्याला समजलेलं नाही, आणि मधला शून्य आला की तो आणखी बिचकतो. अशा वेळी २४५ हे उत्तर लिहून देऊ नका. एककाच्या घराभोवती गोल करा आणि बाजूला लिहा, "तीनमधून आठ जातील का?" बस. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं दहा-दहाच्या गड्ड्या आणि सुट्या काड्या कॅमेऱ्याखाली मांडून शतक सुटं करून दाखवा, आणि तेच उदाहरण त्याला पुन्हा करायला सांगा.

मराठीतही हीच रीत. 'पाणि', 'वस्तु' असं लिहिलं असेल तर शब्द दुरुस्त न करता शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा नियम मुलाने स्वतः आठवून सुधारला तरच टिकतो. एका पानावर तीनपेक्षा जास्त खुणा करू नका. लाल रेघांनी भरलेलं पान बघून मूल दुसऱ्या दिवशी फोटोच पाठवत नाही.

तपासलेलं पान पुढच्या वर्गाच्या आत परत गेलंच पाहिजे. एका पानाला दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणजे बारा मुलांना अर्धा तास. यावरूनच तुकडीचा आकार ठरवा. पंचवीस मुलांची तुकडी घेतली की वही बघणं आपोआप बंद पडतं.

७. कागदपत्रं

एकट्याने सुरू करत असाल तर स्वमालकीचा व्यवसाय म्हणून सुरुवात करा. हे लागेल:

- पॅन आणि आधार.
- पत्त्याचा पुरावा: लाइट बिल, मग ते बेस्टचं असो, अदानीचं, टाटाचं की महावितरणचं. भाड्याचं घर असेल तर नोंदणी केलेला करार आणि मालकाचं ना-हरकत पत्र. करारात 'फक्त राहण्यासाठी' असं असतं, म्हणून हे पत्र आधीच घ्या.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी. ही पूर्णपणे मोफत आहे. नेटवर शोधलं की सरकारी वाटणारी, दोन-तीन हजार मागणारी संकेतस्थळं वर येतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तिथेच भरा.
- गुमास्ता, म्हणजे दुकान किंवा आस्थापना म्हणून नोंदणी. मुंबईत हे काम महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे आहे. २०१७च्या कायद्यानुसार कर्मचारी मोजके असतील तर प्रमाणपत्र लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती जपून ठेवा.
- व्यवसाय कर. तुमचा स्वतःचा वर्षाला २,५००. पगारी माणसं ठेवलीत की त्यांच्या पगारातून कापण्याची वेगळी नोंदणी.
- चालू खातं. वरच्या नोंदणींपैकी दोन कागद बँक मागते.

जीएसटीबद्दल फार गैरसमज आहे. बारावीपर्यंतच्या शाळांच्या शिक्षणाला करमाफी आहे, ती खासगी वर्गांना नाही. वर्गांवर १८ टक्के लागतो, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर. तोवर फीच्या पावतीवर जीएसटी लिहायचा नाही आणि घ्यायचाही नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा: ५०. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ५०हून जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारी जागा म्हणजे कोचिंग सेंटर, तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, आणि शिकवणारा किमान पदवीधर असावा असं म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांकडे आहे. पन्नाशीच्या जवळ पोचायच्या आधी राज्याचा त्या वेळचा नियम वकिलाकडून किंवा सीएकडून तपासून घ्या.

८. फी

शेजारच्या क्लासची फी बघून आपली ठरवू नका. तास मोजा. आठवड्याला तीन वर्ग म्हणजे महिन्याला बारा, ४० मिनिटांचे: आठ तास. वह्या तपासणं: सहा तास. तयारी चार, पालकांशी बोलणं दोन. झाले वीस. शिक्षिकेला तासाला ३०० दिले तर ६,००० रुपये, बारा मुलांत वाटले तर डोईला ५००. यात नेट, लॅपटॉपची झीज, तुमची स्वतःची मेहनत काहीच धरलेलं नाही. म्हणजे ५०० रुपये फी ठेवणारा वर्ग तपासणीचे तास तरी गाळतो किंवा शिक्षिकेचे पैसे तरी.

फी महिन्याची महिन्याला घ्या. वर्षाची एकदम घेतली की हातात पैसा दिसतो, पण ऑक्टोबरमध्ये मूल सोडून गेलं की परताव्यावरून वाद होतो. परताव्याचा नियम दोन ओळींत लिहून आधीच द्या. यूपीआयने थेट खात्यात घेतलं तर खर्च येत नाही, पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी कापतो. तीस-चाळीस मुलांपर्यंत यूपीआय आणि एक हिशेबाची शीट पुरे. दर तुकडीत एक-दोन जागा ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी ठेवा, आणि कुणाची फी माफ आहे हे शिक्षिकांनाही सांगू नका.

जाहिरातीत 'शंभर टक्के निकालाची हमी' नको. मुलांचे फोटो आणि गुण पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकू नका.

९. मुलांची सुरक्षितता

याला तडजोड नाही. प्रत्येक वर्गात वेटिंग रूम (तुम्ही आत घेईपर्यंत येणारा बाहेर थांबतो ती सोय) चालू, स्क्रीन शेअर फक्त शिक्षिकेकडे, मुलांचा आपसातला चॅट बंद. लिंक ग्रुपवर कायमची ठेवू नका. शिक्षिकेने मुलाशी वैयक्तिक चॅट करायचा नाही, निरोप पालकांच्या नंबरवर. एकट्या मुलाची शंका सोडवायची असेल तर दुसरी शिक्षिका किंवा पालक त्या वर्गात हजर हवेत. रेकॉर्डिंग करायचं तर फक्त कागदाचं आणि तुमच्या आवाजाचं.

२०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे. आधारची प्रत, जातीचा दाखला असलं काही मागूच नका, नाव, इयत्ता आणि पालकांचा नंबर पुरतो. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक सगळ्या शिक्षिकांच्या फोनमध्ये असू द्या.

१०. शिक्षिका नेमताना

मुलाखतीत शिकवून दाखवायला सांगण्याआधी एक चुकलेली वही द्या आणि तपासायला सांगा. मूल कुठे अडलं हे ज्यांना दिसतं, त्यांना झूम आठवड्यात शिकवता येतं. पोलिस पडताळणी आणि दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ घ्या. तपासणीच्या तासांचे पैसे वर्गाच्या तासाइतकेच द्या आणि ते पत्रात लिहा.

११. वर्षाची आखणी

नावनोंदणी मेच्या शेवटी, वर्ग शाळा सुरू झाल्यावर साधारण दहा दिवसांनी. तोपर्यंत शाळेचं वेळापत्रक हातात आलेलं असतं. गणपतीत कोकणात गेलेली मुलं आठवडाभर नेटवर्कमध्ये नसतात, ती सुट्टी आधीच धरा. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा नवीन काही न शिकवता जुन्या वह्या उघडून सुधारणा करून घ्या. फेब्रुवारीत नवीन मुलं घेऊ नका, परीक्षेआधीच्या घाबरलेल्या पालकांचे फोन येतात, पण महिन्याभरात तुम्ही त्या मुलाचं काही भलं करू शकत नाही, तसं त्यांना स्पष्ट सांगा. एप्रिलमध्ये प्रत्येक पालकाशी पंधरा मिनिटं बोला. जूनची आणि मार्चची अशी दोन पानं शेजारी-शेजारी ठेवून दाखवा आणि पुढच्या वर्षीची फी, वेळ, तुकडी त्याच फोनवर ठरवून घ्या.